आत्याने बांधलेली किटली

आमच्या आत्याने नवऱ्याला दगडांवर आपटून मारण्यासाठी लोखंडी पिंजरा बांधलाय, ही बातमी बेकरीवालीने सकाळी साडेसातला सोडली. नऊच्या सुमारास ती न्हाव्याच्या दुकानात पोचली, तिथे पिंजऱ्याला चाकं लागली. दुपारी चष्मेवाल्याकडे त्याचा रणगाडा झाला. संध्याकाळी शेजारच्या आजी डोळे पुसत आल्या आणि "शेवटी त्रास नाही ना फार झाला?" असं विचारून गेल्या. दार उघडायला काका, म्हणजे तोच नवरा, स्वतः गेले होते, तरी.

आता खरं काय ते ऐका. पिंजरा होता. चाकं होती. त्याच्यापुढे काका हातात दोर धरून दगडांवरून उलटे चालायचे, हेही खरं. फक्त हेतूत चूक होती. आत्याला नवऱ्याला मारायचं असतं तर तिने त्यात दोन वर्षं घालवली नसती. कामं लोंबकळत ठेवणारी बाई नाही ती.

त्या वस्तूला म्हणतात बग्गी. खडकांवर चढायची बग्गी. दारं नाहीत, काचा नाहीत. पाइपांचा सांगाडा, मध्ये दोन खुर्च्या आणि कंबरेएवढी चार चाकं. हिच्या स्पर्धा असतात. शेजारून चालणारा माणूस सहज पुढे जाईल इतक्या हळू चालवायची असते, पण चालवायची अशा जागेवरून, जिथे बकरीसुद्धा पाय ठेवण्याआधी घरच्यांची आठवण काढेल. वाटेत शंकूंच्या जोड्या ठेवलेल्या असतात, त्यांच्यामधून गाडी काढायची. शंकूला धक्का लागला, दंड. गाडी मागे घेतली, दंड. उलटली तर दंडाचं काही वाटत नाही, कारण तेव्हा माणूस दुसऱ्याच विचारात असतो. आणि चालवणाऱ्याला स्वतःची चाकं दिसत नसल्यामुळे पुढे एक वाटाड्या चालतो. कुठलं चाक कुठल्या दगडावर, ते तो सांगतो. गाडी कलंडायला लागली की वरच्या बाजूने दोर ओढून धरतो.

आत्या दुधाच्या कारखान्यात वेल्डिंगने पाइप जोडते. सव्वीस वर्षं. तिथले पाइप स्टीलचे, आरशासारखे, आणि त्यांचा सांधा आतून बोट फिरवलं तरी लागता कामा नये. लागला तर तिथे दूध अडतं, नासतं आणि मग अख्ख्या कारखान्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. त्यामुळे सांधा दिसला की आत्याचं डोकं फिरतं. कोणाकडेही गेली तरी बसायच्या आधी ती सिंकखाली वाकून बघते. "कोणी केलं हे?" असं विचारते आणि उत्तर ऐकल्यावर त्या माणसाबद्दल कायमचं मत करून घेते. माझ्या मामाशी ती आजही नीट बोलत नाही.

एकदा ती गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीजवळून येत होती, तेव्हा तिथे स्पर्धा चालू होती. बाकीचे लोक गाड्या कशा चढतात ते बघत होते. आत्या एका गाडीखाली वाकून सांधे बघत होती. घरी आली तीच कपाळाला आठ्या घालून.

"एवढं घाण जोडकाम करून ते लोक वर चढतात," ती म्हणाली. "मग मी तर ढगात जाईन."

काका वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शांतपणे. घाई नाही."

हे ते नेहमीच म्हणतात. काकांचं मोटार चालवायला शिकवायचं दुकान आहे आणि तीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट टेकवून, मरणाच्या दारातून परत येत आहेत. त्यामुळे त्यांचा आवाज साखर घातल्यासारखा झालाय. "आरशात बघा. बघितलंत? काय दिसलं? छान. आता तो ट्रक आपल्याला घ्यायच्या आत..." घरी ते आत्याला "अगं" म्हणतात. ती गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली रे बसली की "तुम्ही". जादा ब्रेकने माणसाला अशी सवय लागते.

कामाची जागा म्हणजे घरामागची शेड. आजोबांची. तिच्यावर हक्क दोघांचा, आत्याचा आणि तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या बाबांचा. बाबांनी वाचनालयातून एक पुस्तिका आणली होती आणि त्यांना त्या शेडमध्ये मशरूम लावायचे होते. दोनशे पिशव्या. अंधार, ओलावा आणि त्यांच्याच शब्दांत, "ताई, मशरूमला शांतता लागते."

"मग त्यांना त्या वाचनालयातच ठेव की," आत्या म्हणाली आणि शेडचं कुलूप बदललं.

भंगारातून एका जुन्या लष्करी ट्रकचे दोन अॅक्सल आले. पाव पोचवणाऱ्या एका मरतुकड्या व्हॅनचं इंजिन आलं. त्याला पहिले पंधरा दिवस टोस्टचा वास यायचा. फोर्कलिफ्टचा सिलिंडर लावून तिने मागची चाकंसुद्धा वळती केली, म्हणजे बग्गी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. पुढच्या दोन टायरांत निम्म्यापर्यंत पाणी भरलं.

"ताई, टायरमध्ये हवा भरतात," बाबा दारातून म्हणाले.

"हवेला वजन असतं का रे? चढावर नाक उचललं की हवा खाली ओढणार का त्याला?"

बाबा दारातूनच परत फिरले. आत्याशी वाद घातला की माणूस नेहमी असा शेवटी भौतिकशास्त्रात नापास होऊन बाहेर येतो.

आणि सांगाडा? सांगाडा तिने ज्या पाइपांवर जन्म घालवला त्याच पाइपांचा केला. दुधाच्या. चकचकीत. प्रत्येक सांधा घासून, पॉलिश करून असा नाहीसा केला की सगळा पिंजरा एकाच पाइपातून पिळून काढल्यासारखा दिसत होता. स्पर्धेच्या सकाळी ती गाडी खाणीत उतरवली तेव्हा उन्हात एवढी चमकली की लोकांनी डोळ्यांवर हात धरले. आत्या हनुवटी वर करून उभी. काका शेजारी हेल्मेट घालून उभे, गाडी सुरूही झाली नव्हती तरी.

तपासनीस आला. वाळका, लांब मानेचा, दर वाक्याआधी नाक ओढणारा. त्याने पिंजऱ्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. टण्ण. मग एक छोटं यंत्र टेकवलं.

"स्स्... जाडी दीड मिलिमीटर. नियम तीनचा आहे."

"यातून शंभर वर्षं दूध जाईल," आत्या म्हणाली.

"दूध जाईल हो, बाई. गाडी उलटली की तुम्हीही जाल." त्याने पुन्हा नाक ओढलं. "आणि स्स्... सांधा कुठे आहे?"

"दिसत नाही ना?" आत्याचा चेहरा उजळला. "तेच तर."

"दिसत नाही तर पास कसा करू? सांधा घासला की कमजोर होतो. नियमात लिहिलंय, जसा भरला तसा ठेवायचा."

मागून कोणीतरी ओरडलं, "ए, किटली बाजूला घ्या, आमची पाळी आहे!" एवढी मोठी खाण, पण हसू सगळीकडे एकदम पोचलं. त्या दिवसापासून गाडीचं नाव किटली.

दुसऱ्या दिवशी शेडचं दार आतून लावून तिने कटर चालवला, दोन दिवस. जेवायलाही घरात आली नाही. काका ताट घेऊन जायचे, दाराशी ठेवायचे आणि तिथेच पायरीवर बसून तिचं होईपर्यंत थांबायचे. दाराआडून काय बोलणं झालं कोणाला माहीत नाही. मी कान लावून होते, पण कटरपुढे कानाचं काय चालणार? आज गल्लीतल्या प्रत्येक न्हाणीघरात टॉवेल टांगायची जी चकचकीत दांडी आहे, ती त्या पहिल्या किटलीची. बेकरीवालीच्या घरात दोन आहेत.

तिसऱ्या दिवशी बाबा शेडमध्ये गेले. हातात पुस्तिका होती.

"ताई, झालं ना आता? हौस झाली."

"हौस?" आत्या म्हणाली. तो शब्द तिने चिमटीत धरून कचऱ्यात टाकावा तसा उच्चारला.

बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं ते असं: आणखी एक वर्ष. पुढच्या स्पर्धेत चार टप्पे असतील, ते चारही शेवटच्या शंकूपर्यंत पुरे करायचे. नंबर येवो न येवो. एक जरी टप्पा अर्धवट राहिला, तर सांगाडा भंगारात आणि शेड बाबांची.

"आणि पुरे केले तर?"

"तर मी पुन्हा मशरूमचं नाव काढणार नाही."

आता आत्याने जाड पाइप आणले. काळे, तेलकट, हात लावला की हात काळा. तीन मिलिमीटरच्या वर. ते वाकवताना तिचं तोंड असं व्हायचं जसं कोणी तिला उष्ट्या ताटात जेवायला बसवलंय. सांधे भरले आणि तसेच ठेवले. उघडे. ते बघवत नाहीत म्हणून पहिला महिनाभर ती त्यांच्यावर फडकं टाकून काम करायची. चुकून हात घासणीच्या यंत्राकडे जायला लागला, म्हणून ते तिने काकांच्या ताब्यात दिलं. काकांनी ते कपाटात ठेवलं, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "शांतपणे."

वसंतात गाडी तयार झाली. सरावाला कोरड्या ओढ्यातली वाट. तिथे मोठमोठे गोल दगड आहेत आणि बघायला कोणी नाही, म्हणजे हसायलाही नाही. आत्या चालवायला बसली आणि आम्ही घरचे दगडांवरून उठून उभे राहिलो. ती चालवतेसुद्धा जोडकाम करते तशीच. एकही धक्का नाही. चाक दगडावर चढायचं ते मांजर भिंतीवर चढतं तसं, आवाज न करता. टायरांतली हवा इतकी कमी केलेली की टायर दगडाला उशीसारखा लपेटून बसायचा. काका पुढे दोर धरून, "छान. फारच छान. असंच," म्हणत. आणि इथेच घोटाळा होता. सगळं छान चाललं की काकांना वाटतं तास संपला.

एका तिरक्या दगडावर किटली एका अंगावर झुकलेली, काकांच्या दोरावर तोललेली, आणि काकांचा फोन वाजला.

"हॅलो? हो, बोला ना. परीक्षा बुधवारी. ओळखपत्र आणा, मूळ प्रत..."

ओळखपत्र खिशातून कसं काढायचं ते दाखवायला त्यांनी दुसरा हातही वापरला. दोर सुटला. किटली अगदी सावकाश, म्हातारी माणसं खाटेवर पडतात तशी, कुशीवर गेली. धूळ बसली. आत्या पट्ट्यांत आडवी लोंबकळत होती. हेल्मेट एका कानावर आलेलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं बोलणं झालं की सांगा."

पुढच्या आठवड्यात तसंच, शिंक आली म्हणून. त्याच्या पुढच्या आठवड्यात काकांना एक दुर्मीळ पक्षी दिसला. प्रत्येक वेळी आत्या उत्तम चालवत होती. प्रत्येक वेळी दोर सुटला आणि किटली झोपली. बाबांनी पिशव्यांसाठी फळ्या मोजायला घेतल्या.

स्पर्धेच्या दिवशी तोच तपासनीस. त्याने टकटक केलं, यंत्र लावलं, मग सांध्यांजवळ नाक नेलं.

"स्स्... आता दिसतात."

"दिसतात," आत्या म्हणाली. "लाज वाटते, पण दिसतात."

त्याने शिक्का मारला. मग इकडेतिकडे बघून हळूच दुसऱ्या तपासनीसाला बोलावून आणलं आणि एका सांध्याकडे बोट दाखवलं. दोघं मान हलवत उभे राहिले. आत्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण तिचे कान लाल झाले होते.

पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. किटली नाव माहीत असलेले लोक तिच्या मागेमागे फिरायला लागले. तिसऱ्याच्या शेवटच्या शंकूपाशी खालून आवाज आला: टक्. गाडी तशीच रेटत शंकूपार गेली, पण आत्याला कळलं होतं. पुढच्या डाव्या चाकाला फिरवणारा दांडा तुटला होता. जादाचे दोन दांडे आणले होते. दोन्ही उजव्या बाजूचे, कारण सरावात नेहमी उजवाच तुटायचा. उजवा डावीकडे बसत नाही. लांबीच वेगळी.

मध्ये तासाभराची सुट्टी होती. चौथा टप्पा समोरच दिसत होता: घराच्या छपरासारखी उतरती एक प्रचंड शिळा. तिच्यावर चढायचं नाही, तिला आडवं पार करायचं. डावीकडे उतार, उताराखाली चिखलाचं डबकं. सकाळपासून तिघं त्या डबक्यात जाऊन आले होते, त्यांच्या चारही चाकांना जोर असून. किटलीला तीनच चाकांचा जोर, आणि मेलेलं चाक उताराच्याच बाजूला. पार करायची तर एकच सोय होती. काकांनी वरच्या अंगाने दोराला लोंबकळायचं. आपल्या सगळ्या वजनासकट, टप्प्याला मिळतात ती दहाही मिनिटं.

बाबा लांब उभे होते. जिंकत आले होते, पण चेहरा पडलेला. पिशव्यांचं नाव काढलं नाही त्यांनी, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आत्या टायरवर बसून चहा पीत होती. मी जवळ गेले आणि काकांचा आवाज काढला, "ओळखपत्र आणा, मूळ प्रत." शेजारच्या गाडीवाले हसले. आत्या हसली नाही.

"काका सोडणार, आत्या."

"नाही सोडणार."

"तीनदा सोडलाय."

"चौथ्यांदा नाही सोडणार."

"पैज?"

तिने कप खाली ठेवला. "तू जिंकलीस तर सांगाडा कापायच्या आधी एक दिवस किटली तुझी, ओढ्यात हवी तशी चालव. मी जिंकले तर एक महिना नक्कल बंद. यांची, माझी, तुझ्या बाबाची. कोणाचीच."

मी हात पुढे केला. मनात म्हटलं, बिचारी.

शिट्टी झाली. काकांनी दोराचं टोक मनगटाभोवती घेतलं. आत्या बसली, पट्टे आवळले, आणि क्लच असा सोडला की किटलीने बेडकासारखी उडी मारली आणि इंजिन बंद पडलं.

सगळे थक्क. दोन वर्षांत आत्याच्या हातून कधी गाडी बंद पडली नव्हती.

"शांतपणे," काका म्हणाले. "क्लच अर्धा. अर्धा म्हणजे अर्धा. कळलं का तुम्हाला?"

"कुठपर्यंत अर्धा?" आत्याने विचारलं.

आत्याने विचारलं! जिने आजवर पावसालासुद्धा विचारून छत्री उघडली नाही.

"पायाला थरथर जाणवेल, तिथपर्यंत. बरोबर. नाही, फार झालं. परत. हं."

किटली शिळेवर आली आणि झुकली. काका वरून मागे रेलले. आत्याने स्टिअरिंग जरा जास्त वळवलं. "एवढं नाही हो! सरळ करा, सरळ!" तिने सरळ केलं आणि पेडल जोरात दाबलं. "पाय हलका! पायाखाली अंडं आहे असं समजा!" काकांचे बूट घसरायला लागले. ते बसले. मग बसल्या बसल्या शिळेवरून फरपटत निघाले. पँटचा मागचा भाग गेला तो सगळ्या खाणीने ऐकला. ते बोलतच होते. वरची दोन चाकं हवेत गेली, त्याबरोबर काकाही हवेत गेले, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे, आणि तिथूनही आवाज आला, "घाबरायचं नाही. माझ्याकडे बघा. आता क्लच. अ-र-धा."

चाकं खाली आली. काका खाली आले, जरा वेगळ्या ठिकाणी. किटली तीन पायांच्या कुत्र्यासारखी लंगडत शेवटच्या शंकूंमधून बाहेर पडली. घड्याळात अकरा सेकंद उरले होते.

टाळ्या वाजल्या, तपासनीसाने नाक न ओढता अभिनंदन केलं, तरी काका दोर धरूनच होते. "इंजिन बंद करा. हातब्रेक. आता उतरायच्या आधी काय करायचं? मागे बघायचं. छान." मग आत्या उतरली आणि तिने स्वतः त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पाचही बोटांना वेळ लागला.

बाबांनी आपल्या दोनशे पिशव्या जिन्याखाली नेल्या. मशरूमचं नाव काढायचं नाही असं ठरल्यामुळे ते आता त्यांना "ती मंडळी" म्हणतात. ती मंडळी बरी आहेत.

मी आत्याला गाठलं ते पाणी प्यायला गेली तेव्हा. "तू मुद्दाम चुकत होतीस?"

"मग काय?" ती म्हणाली. "मी नीट चालवलं की यांना वाटतं शिकवून झालं. समोरचा चुकत असला की हा माणूस भूकंपातही जागचा हलत नाही. तीस वर्षांत यांनी एकही तास अर्धवट टाकलेला नाही."

"पण लोकांना वाटलं असेल ना, तुला चालवता येत नाही!"

"वाटू दे." तिने तोंड पुसलं. "एक महिना. आजपासून."

त्याला आज बावीस दिवस झाले. काका रोज जेवताना मुद्दाम माझ्या समोरची खुर्ची घेतात, घास तोंडाशी नेतात, थांबतात, आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे बघून म्हणतात, "शांतपणे. घाई नाही." आत्या ताटात बघून हसते. अजून आठ दिवस आहेत.